दसऱ्याला रेफरीच्या घरी

बुढापारा मोहल्ल्यातल्या चहाटपरीवर पोट्टे मोबाईल बघत भांडत होते. कुण्या परदेशी फुटबॉलपटूनं रेफरीच्या थोबाडीत मारली होती. "मीडियावाले बढ़ा-चढ़ाकर दिखाते हैं," एकजण म्हणाला. रेल्वे टीमचे जुने गोलकीपर अनंतराव भडकले, "दाखवू दे ना! लपवायचं काहून?"

चाळीस वर्षांपूर्वी त्यांनीही रेफरी देवतळ्यांना मारलं होतं. पेपरात आलं, प्रेक्षकाचा दगड लागला. देवतळेही गप्प राहिले. तेव्हापासून दर दसऱ्याला अनंतराव आपट्याचं सोनं घेऊन त्यांच्याकडे जायचे. चहा पिता पिता जुन्या मॅचेस निघायच्या, माफी मात्र जिभेवरच राहायची.

"औंदा गेलो, तं फोटोले हार," अनंतराव पोट्ट्यांना म्हणाले. "पेपरात माहं नाव आलं असतं, तं दुसऱ्याच दिवशी त्याचे पाय धरले असते."