नाव थायरॉइडचं

आमच्याकडं माणूस थकला की त्याला सलाईन लावतात. ताप नको, उलटी नको, नुसतं "गळाल्यावानी होतंय" म्हटलं की पुरे. मलाही लावलं. कळंबच्या दवाखान्यात खाटेवर पडून होते, बाटली थेंब थेंब उतरत होती आणि तेवढा वेळ मला कुणी हाक मारत नव्हतं. घरी आल्यावर सासूबाई म्हणाल्या, "बघ, कशी तरतरी आली तोंडावर!" तरतरी कसली डोंबलाची! मला त्या खाटेवरून उठूच नये वाटत होतं.

त्या थकव्याचं काय सांगू? दिवसभर ज्वारी काढून येणारा थकवा मला ठाऊक आहे. तो झोपलं की जातो. हा सकाळी माझ्या आधी उठलेला असायचा. आंघोळीचं पाणी काढायचं आणि निवेपर्यंत बादलीकडं बघत बसायचं. भाकरी थापताना हात परातीतच थांबायचा, तव्यावरची करपायची. वास यायचा, कळायचं, पण उलथणं उचलवायचं नाही. "लक्ष कुठं असतंय गं तुझं?" सासूबाई ओरडायच्या. कुठंच नसायचं, हेच तर दुखणं होतं.

मग रक्त तपासलं. खोटं कशाला बोलू, काहीतरी निघू दे म्हणून मी तुळजापूरच्या दिशेनं हात जोडले होते. काहीही निघू दे, पण ज्याला नाव आहे असं. रिपोर्ट नॉर्मल आला. नवऱ्यानं वाटेतच पेढे घेतले. घरात सगळ्यांना हायसं वाटलं आणि मी मोरीत जाऊन पदर तोंडात कोंबून रडले. आता मला पडायला कारणच उरलं नव्हतं.

पुढं एका सकाळी मी अंथरुणातून उठलेच नाही, तेव्हा नवरा घाबरला. धाराशिवला मनाच्या डॉक्टरांकडं घेऊन गेला. बाईच होत्या. म्हणाल्या, "हा आळस नाही. डिप्रेशनमध्ये अंगातलं बळच जातं. हुरूप आला की उठू, असं म्हणू नका, तो आधी येत नाही. कामाचे तुकडे करा. आज नुसते केस विंचरा. निम्म्या भाकऱ्या झाल्या की टेका." आळस नाही, एवढं ऐकूनच मला हुंदका फुटला.

परतीच्या एसटीत नवरा हळूच म्हणाला, "मोठ्या तपासणीत थायरॉइड निघालं म्हणून सांगू. आईलाबी." मी व्हय म्हणाले. भांडायला जीव कुठं होता?

थायरॉइडनं घरच बदललं की हो! सासूबाई आता दुपारचं पडू देतात, उरलेल्या भाकऱ्या स्वतः थापतात, मनाच्या डॉक्टरांनी दिलेली गोळी थायरॉइडची समजून वेळेवर हातात देतात. थकवा जरा हटलाय, लई नाही. केस विंचरून होतात, वेणी राहते.

परवा समोरच्या घरातली सून उंबऱ्यावर बसून होती. अंगण तसंच, डोकंही तसंच, समोर ठेवलेला चहा गार. बरेच दिवस बघतेय मी तिला. सासूबाई माझ्या तळहातावर गोळी ठेवत म्हणाल्या, "बघ की, चांगली धडधाकट बाई आन् कशी बसून राहती! नुसती थेरं. तुझं येगळं गं, तुला तर आजार हाय."

तिला ऐकू गेलं असणार, रस्ता केवढासा. ती माझ्याकडं बघत होती. मी गोळी गिळली आणि आत जाऊन पडले.