बाद झालेला दोर

निवृत्तीनंतर मी विणकामाला लागले, हे सांगतानाही मला संकोच वाटतो. सुरगाण्याकडच्या आमच्या कोकणा जमातीच्या घरात वडील बांबूच्या टोपल्या विणत. मी मात्र शिकले, नाशिकच्या महाविद्यालयात भूगोल शिकवला, आणि हाताला सवय लागली ती खडूची. गिर्यारोहकांच्या एका मंडळाने आपले बाद झालेले दोर मला देऊ केले, तेव्हा वडिलांची वीण आठवेल की नाही, हीच धास्ती होती. ती आठवली. दोरांच्या टोपल्या आणि पिशव्या होऊ लागल्या. प्रदर्शनात कोणी 'आदिवासी कलाकार' म्हणून ओळख करून दिली की मी खाली पाही.

मंडळाची अट एकच होती. बाद दोर वरून धडधाकट दिसतो. आतले धागे कितपत झिजले, ते कळत नाही. म्हणून आधी त्याचे वावभर, दोन हात पसरल्याइतके, तुकडे करायचे. त्यावर पुन्हा कोणी जीव टांगू नये.

मागच्या उन्हाळ्यात धाकट्या भावाची बायको दिंडोरीच्या द्राक्षबागेतले काम संपवून गावी जाताना माझ्याकडे थांबली. कोपऱ्यातले दोराचे वेटोळे तिने उचलून पाहिले.

"ताई, हा अख्खा मला द्या. विहिरीचा दोर पार कुजलाय."

आमच्या गावची विहीर उन्हाळ्यात तळ गाठते. घागर बुडत नाही. एका बाईला आत सोडून वाटीवाटीने पाणी भरावे लागते. मी म्हणाले, "अगं, यावर माणूस सोडायचा नाही."

"तुमची डोंगरवाली पोरं खाऊनपिऊन जड असतील. आमच्यात हाडांबिगर हाय काय?"

"तुटेल तो."

"मंग शहरातल्या बायांच्या पिशव्याच करा!"

मी तिच्यादेखत दोर कापला. ती रागावली; तरीही, गावातल्या बायकांनी विणायला शिकावे म्हणून मी दिलेले तुकड्यांचे पोते घेऊन गेली.

महिन्याभराने विणकाम पाहायला मी गावी गेले. भावाच्या घराला कुलूप होते. विहिरीवर पाच-सहा बायका पाय रोवून, मागे रेलून उभ्या होत्या. त्यांच्या हातांतला दोर लाल, निळा, हिरवा होता, आणि प्रत्येक रंगानंतर गाठ होती.

आत वाटी दगडावर खरवडत होती.

"आत कोण आहे?"

उत्तर विहिरीतूनच आले. "ताई आल्या का? त्यांना सांगा, गाठी पक्क्या हायेत!" भावजयीचा आवाज. बायका हसल्या. मला हसता आले नाही. मी शेवटच्या बाईमागे दोर धरला.

ती वर आली तेव्हा काठाच्या दगडावर घासून एका तुकड्याचे रंगीत आवरण फाटले होते. आतले पांढरे धागे बाहेर लोंबत होते. मी म्हणाले, "नवा दोर मी नाशिकहून पाठवते. तोवर कोणी उतरू नका."

"पाठवा," ती पदराने तोंड पुसत म्हणाली. "आज काय प्यायचं?"

काठावरच्या बहुतेक घागरी रिकाम्याच होत्या. कोणी माझ्याकडे पाहत नव्हते. दुसरी बाई लुगडे खोचू लागली होती. मी फाटका तुकडा सोडवला, उरलेली दोन टोके एकमेकांत गुंफली आणि दगडाला पाय लावून गाठ ओढून पाहिली. गाठ घट्ट बसली. बाकीच्या तुकड्यांच्या आत काय होते, ते पाहण्याचा मार्ग नव्हता.

बाई काठावरून आत सरकली, आणि दोर माझ्या हातांत जड झाला.