सुरीविना भोपळे

दवाखान्याच्या स्वयंपाकघरात सगळं होतं. माणूस बसेल एवढी पातेली होती, भिंतभर भट्टी होती, वल्ह्यासारखे झारे होते. नव्हती ती फक्त सुरी. कधीकाळी कुणाचं तरी बोट कापलं आणि तेव्हापासून सुरीला बंदी झाली. भाजी चिरून, गोठवून, पिशव्यांतून यायची. कात्रीनं पिशवी कापली की आचारीणबाईंचं चिरणं संपलं.

मग सरकारचं अनुदान आलं : जवळच्या शेतकऱ्यांची ताजी भाजी घ्या, रोग्यांना खाऊ घाला. बाई अशा हरखल्या, की धाकट्या भावाच्या घरी गेल्या आणि पाणी प्यायच्या आधीच शब्द देऊन बसल्या. "लाव भोपळा. एकूण एक घेईन." भावानं सगळं रान भोपळ्याला दिलं. सुरीची आठवण दोघांनाही झाली नाही.

आज पहिली खेप मागच्या दारी उतरवून भाऊ दुसरी आणायला गेला. अंगावर माती घेऊन भोपळे कसे लेकरांसारखे अंग चोरून बसले होते. बाईंनी त्यांच्यावरून हात फिरवला, मग भिंतीवरच्या कात्रीकडे पाहिलं. कात्रीनं भोपळा चिरणार कसा?

त्या व्यवस्थापकांकडे धावल्या.

"अनुदान भाजीचं आहे, बाई. सुरीचं नाही."

"मग घरची आणते."

"बाहेरचं हत्यार आत चालत नाही."

"हत्यार? साहेब, भोपळा कापायचाय, मुडदा नाही पाडायचा!"

"जेवणापर्यंत जमत नसेल तर माल परत पाठवा. पुढच्या खेपाही थांबवू. पिशव्या आहेतच."

दात होते तेव्हा चणे नव्हते. आता चणे आले, तर दात कुलपात. बाई मागच्या दारी आल्या. रान भावाचं, शब्द आपला, आणि मध्ये हा नियम, ना गिळता येणारा ना थुंकता येणारा. राग असा उसळला, की हाताला लागला तो भोपळा त्यांनी उचलला आणि दगडी पायरीवर आपटला.

फाडकन दोन शकलं झाली. आत केशरी गर लखलखत होता.

बाई पाहतच राहिल्या. मग दुसरा उचलला. मग तिसरा.

तेवढ्यात भावाची गाडी आली. "ताई! डोकं फिरलं का तुझं? नको असेल तर नको म्हण, पण माझ्या डोळ्यांदेखत आपटतेस?"

"तुझ्यामागेच आपटत होते, तू लवकर आलास. चिरतेय मी."

"असं चिरतात?"

"इथं असंच. उभा काय राहिलास? लाग हाताखाली."

भावानं एक भोपळा उचलला, छातीशी धरला आणि बराच वेळ धरूनच ठेवला. पिकवलेल्या हाताला आपटणं सोपं नसतं. शेवटी त्यानं डोळे मिटून आपटला.

शकलं सालीसकट भट्टीत गेली. मऊ झाल्यावर बाईंनी गर झाऱ्यानं खरवडून घेतला. जेवणाची ताटं वेळेवर गेली.

व्यवस्थापकांनी दोन वाट्या संपवल्या आणि तोंड पुसत म्हणाले, "बघा! सुरीवाचून अडलं का काही?"

बाईंचे खांदे ठणकत होते. त्यांनी रिकाम्या वाट्या उचलल्या.

मागच्या दारी भाऊ वाट पाहत होता. "मग ताई, पुढच्या खेपेला काय आणू? कांदे लावू का थोडे?"

"भोपळाच आण बाबा," बाई पायरीवरच्या बिया झाडत म्हणाल्या. "कांदा आपटून चिरता येत नाही."