आत्याबाईंनी धुऊन ठेवलेलं लुगडं

मला पाहुण्यांची भीती वाटते.
खरी भीती. हात गार पडतात.

आज अकरा वाजता घरी माणसं येणार आहेत. आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, जाऊन वर्ष झालं.

कुणी पावडर लावून येईल, कुणाच्या रुमालाला सेंट असेल. तेवढ्यानं माझा घसा आवळतो, डोकं फुटायला लागतं, बोलताना शब्द सापडत नाहीत. मग दोन-तीन दिवस अंथरुणात.

सहा वर्षांपूर्वी घराला ऑइलपेंट दिला, तेव्हापासून हे लागलं मागं. आधी रंग, मग फिनेल, उदबत्ती, नवं कापड. शाळेतली नोकरी सुटली. नगरला सगळे रिपोर्ट नॉर्मल. एक डॉक्टर हसून म्हणाले, "मॅडम, मन रमवा." पुण्यात एका डॉक्टरीणबाईंनी नाव सांगितलं, मल्टिपल केमिकल सेन्सिटिव्हिटी.

आत्याबाई म्हणायच्या, वासाचा आजार.

पहिलं वर्ष त्यांनाही ही नाटकंच वाटायची. एकदा मी पाठमोरी असताना त्यांनी मुद्दाम उदबत्ती लावून बघितली. मी ओट्यापाशी खाली बसले, ती उठलेच नाही. त्यांनीच मला ओढत अंगणात नेलं. पाणी पाजलं आणि आत जाऊन उदबत्ती विझवून आल्या.

त्यानंतर घरात उदबत्ती लागली नाही.
"देवाला फुलं बास," म्हणाल्या.

आणि आपली खाट दारात टाकली. येईल त्याचा वास घ्यायच्या.

"काय लावलंय गं अंगाला?"
"काही न्हाई मावशी, साधी पावडर."
"मग तोंड धुऊन ये. न्हाई तर हितंच बस, चहा हितं मिळंल."

घोडेगावच्या गुरांच्या बाजारातून शेणामातीनं भरून आलेल्या माणसाला मात्र सरळ आत सोडायच्या. "ह्यो चालतो."

माझ्या सख्ख्या भावाला त्यांनी बॉडी स्प्रेपायी दारातून परत लावला. मला लाज वाटली. आणि मनातून सुटल्यासारखंही झालं, खोटं कशाला बोलू.

दोन वर्षांपूर्वी त्यांचे भाऊ, शेवगावचे मामा, एक नवं लुगडं घेऊन आले. तोंड पाडून. अंगणातच दिलं आणि न जेवता गेले. का, ते दोघांनीही सांगितलं नाही.

आत्याबाई ते लुगडं धुवायला लागल्या. साबण नाही, नुसत्या पाण्यात. दर आठवड्याला. उन्हात टाकायच्या, पुन्हा भिजवायच्या. मग लांबूनच मला विचारायच्या,
"येतो का वास?"
"येतो."
"बरं."
परत बादलीत.

चार-पाच महिन्यांनी एकदा मी म्हणाले, "नाही येत."
"झालं मग," म्हणाल्या आणि घडी घालून ठेवून दिलं. नेसल्या कधीच नाहीत. मला वाटलं, म्हातारपण.

त्या गेल्या त्या सकाळी मी मास्क लावून मागच्या खोलीत बसले होते. आमच्याकडे बाईला शेवटचं लुगडं माहेरचं नेसवतात, नवंकोरं. सगळ्या बायका मामांची वाट बघत होत्या.
मामा आले ते रिकाम्या हातानं.

"माझ्याकडून तिनं कवाच मागून घेतलंय," ते म्हणाले. "मी लई भांडलो. जित्या बहिणीला असलं लुगडं कोन देतं? तर म्हनली, नवं नेसवलं तर माझ्या सुनंला जवळ येता यायचं न्हाई. मला धुऊन ठेवू दे."

बायकांनी त्यांना तेच धुतलेलं लुगडं नेसवलं. मग मी बाहेर आले. सगळ्यांसमोर मास्क काढला आणि त्यांच्या छातीवर डोकं ठेवलं.
कशाचाच वास आला नाही.

गेलं वर्षभर पाहुणे आले की मी मागच्या खोलीत कडी लावून बसते. ह्यांनी नातेवाइकांच्या ग्रुपवर मेसेज टाकलाय, कृपया सेंट-पावडर लावून येऊ नये. चौघांनी खाली होकाराचा अंगठा टाकला. किती जणांनी वाचलं, देव जाणे.

आज त्यांच्या दिवशी मला कडी लावायची नाही. खाट दारात टाकलीय आणि तिच्यावर मीच बसलेय, फोनवर हे लिहीत. त्यांचं दरडावणं मला जमत नाही.

फाटकाशी पहिली गाडी थांबली. उतरणाऱ्या काकूंच्या हातात उदबत्तीचा पुडा दिसतोय.

आत्याबाई, तुमच्या फोटोपुढं फक्त फुलं ठेवलीत. नमस्कार करते.
फोन बाजूला ठेवते आता. काकूंना दारात थांबवायचंय.