चंदाच्या तलंगा

दिल्लीच्या मयूर विहारमधल्या तळमजल्याच्या फ्लॅटमध्ये चंदा तायडे बारा वर्षं राहत होती, पण मागच्या अंगणात ती कधी पाच मिनिटंही बसली नव्हती. बसणार कधी? सकाळी पावणेआठची मेट्रो, दिवसभर मंत्रालयात सेक्शन ऑफिसरची खुर्ची, घरी आली की कुकर. मेहकरजवळच्या खेड्यातून नोकरीसाठी थेट दिल्लीला आलेली तिच्या घराण्यातली ती पहिली बाई. तिच्या टेबलावर फाइल दोन दिवसांच्या वर थांबत नसे.

जानेवारीत तिचं पोट बिघडलं. आठवड्याभरात बरंही झालं. मग एका सकाळी पायाच्या बोटांना मुंग्या आल्या. तिसऱ्या दिवशी ती पलंगावरून उठायला गेली, तर पाय तिचे राहिलेच नव्हते. इस्पितळात डॉक्टर म्हणाले, जीबीएस. शरीर स्वतःच्याच नसांवर उलटतं. बघता बघता हातांतलंही बळ गेलं.

"यातून माणसं उठतात," डॉक्टरांनी सांगितलं, "पण नसा आपल्या वेळानं भरून येतात. घाई करून चालत नाही."

एकोणीस दिवसांनी चंदा चाकाच्या खुर्चीतून घरी आली. कॉलेजात शिकणारी मुलगी, लुंबिनी, तिला आंघोळ घालायची, वेणी घालायची, घास भरवायची. पहिल्या दिवशी डोक्यावर पाणी पडताना चंदानं डोळे घट्ट मिटून घेतले.

"हे मी तुझं करायचं, की तू माझं?"

"यार मम्मी, तू पण ना!" लुंबिनी म्हणाली आणि पाणी ओतत राहिली. पण नंतर टॉवेल धुताना तीही बराच वेळ बाथरूममधून बाहेर आली नाही.

फिजिओथेरपीच्या मॅडमनी बोटांसाठी एक मऊ बॉल दिला होता. तो पलंगाखाली गेला तो तिथंच राहिला. चंदा दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून असायची. भेटायला कोणी आलं तर झोपेचं सोंग घ्यायची.

तिचा नवरा समाधान एका शाळेत ग्रंथपाल होता. मार्चअखेरच्या एका रविवारी तो यमुनेच्या खादरातून, नदीकाठच्या शेतांमधून, एक खोकं घेऊन आला. खोक्याला भोकं होती आणि आतून चिवचिवाट येत होता.

"अहो, हे काय?"

"चार कोंबड्या. छोट्या आहेत अजून."

"आणि त्यांचं करणार कोण? माझंच करताना तुमची दोघांची कंबर मोडतेय."

समाधाननं खोकं अंगणात रिकामं केलं, तिची खुर्ची मागच्या दारात आणून लावली आणि मग म्हणाला, "तू दिवसभर भिंतीकडे बघतेस, चंदा. भिंत काही हलत नाही."

ती रागावली होती. पण नजर समोर होती आणि समोर चार पिलं जुन्या कूलरखाली शिरत होती, एकमेकांना ढकलत होती.

"कोंबड्या नाहीत या," थोड्या वेळानं ती लुंबिनीला म्हणाली. "तलंगा आहेत."

"तलंग म्हणजे?"

"अंडी घालायला न लागलेली पोरसवदा कोंबडी. आजीकडे असायच्या. तुला मराठी तरी कुठं येतंय धड."

लुंबिनी हसली. इतक्या दिवसांत आई पहिल्यांदाच आपणहून काहीतरी बोलली होती.

मग रोज सकाळी खुर्ची दारात जाऊ लागली. चंदाच्या मांडीवर बाजरीची ताटली असे. मूठ वळत नव्हती, म्हणून ती मनगटानं दाणे खाली लोटायची. सगळ्यांत लहान तपकिरी तलंग थेट तिच्या पावलावर चढून दाणे टिपायची. पावलाला स्पर्श कळत नव्हता, पण चंदा कुणाला पाय हलवू देत नसे.

एप्रिलमधल्या एका दुपारी लुंबिनी औषधं आणायला कोपऱ्यावर गेली होती. चंदा दारात एकटीच होती. अंगणावरून एक सावली फिरली. तिनं वर पाहिलं तोवर घार खाली आली होती. चंदानं खुर्चीच्या हातांवर तळवे टेकून सगळा जोर लावला. अंग दोन बोटं उचललं गेलं आणि धपकन खाली बसलं. ओरडली, तर आवाज शेजारच्या दारापर्यंतही पोचला नाही. घार तपकिरी तलंग घेऊन गेली. उरलेल्या तिघी तिच्या खुर्चीखाली येऊन दडल्या.

लुंबिनी परतली तेव्हा आई हमसून हमसून रडत होती. जानेवारीपासून ती एकदाही रडली नव्हती.

"साधा हात उगारता आला नाही गं मला!"

लुंबिनीनं तिला मिठीत घेतलं. ती तशीच धरून बसली.

संध्याकाळी समाधान म्हणाला, "उद्या जाळी आणतो. माणूस बोलावून बांधून घेऊ."

"जाळी आणा. माणूस नको," चंदा म्हणाली. "गाठी मी मारते."

तुला कसं जमेल, हे त्याच्या ओठांवर आलं होतं. त्याऐवजी तो सुतळी शोधायला उठला.

जाळीबरोबर आणलेल्या लोखंडी चौकटी खुर्चीला टेकवून ठेवायच्या आणि चंदानं सुतळीनं जाळी त्यांना बांधायची, असं ठरलं. पहिल्या दिवशी दोन गाठी झाल्या, दोन्ही संध्याकाळपर्यंत सुटल्या. दुसऱ्या दिवशी तिनं सुतळीचं टोक दातांत धरलं. चौथ्या दिवशी एक गाठ टिकली. फिजिओच्या मॅडमनी ते पाहिलं आणि म्हणाल्या, "बॉल रहने दीजिए. रोज़ यही कीजिए." बोटं सुजायची, रात्री ठणकायची. कधी वैतागून ती सुतळी भिरकावून द्यायची आणि समाधानवर उगाच ओरडायची. तो सुतळी उचलून परत मांडीवर ठेवायचा. जाळी पुरी व्हायला तेवीस दिवस लागले.

वरून आडोसा हवा म्हणून मेमध्ये कडेच्या मातीत दोडक्याच्या बिया टोचल्या. वेल सुतळीला धरून चढला. पहिला दोडका तोडायला चंदा जुलैत वॉकर धरून स्वतः उभी राहिली. वाटेत दोनदा टेकली, पण तोडला तिनंच. कोंबड्यांच्या वासावरून कुरकुरणाऱ्या वरच्या मजल्यावरच्या भाटिया आंटींकडे चार दोडके गेले. त्यानंतर त्यांच्याकडून कोंबड्यांसाठी भाजीची देठं खाली येऊ लागली.

ऑगस्टमध्ये कूलरच्या मागे पहिलं अंडं सापडलं. लुंबिनीनं ते उकडून आईपुढं ठेवलं. चंदानं ते स्वतः सोललं. टरफलाबरोबर पांढरा भागही थोडा निघून आला.

"तीन भाग कर," ती म्हणाली.

नोव्हेंबरमध्ये ती काठी घेऊन कामावर रुजू झाली. पायाची बोटं अजून बधिर होती. कदाचित तशीच राहतील, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. पहिल्याच फाइलवर सही करताना तिच्या लक्षात आलं, की सही बदलली आहे. अक्षरं मोठी आणि वाकडी येत होती. जुन्यासारखी करायचा तिनं कागदावर तीन-चारदा प्रयत्न केला, मग नव्या सहीचा नमुना नोंदवून घ्यावा असा अर्ज लिहिला आणि त्याच वाकड्या सहीनं पाठवून दिला.

संध्याकाळी लुंबिनी कॅब घेऊन गेटवर आली होती. चंदा आत बसली आणि डोकं मागे टेकलं.

"दमलीस?"

"खूप," चंदा म्हणाली. "उद्या जरा लवकर निघू. कामं साचलीत."