अक्कलदाढेच्या पेशी

अक्कलदाढेभोवतीची हिरडी सुजली म्हणून तिच्या नवऱ्याने दाढ काढून घेतली आणि गाल धरून, ती बाटलीत घालून, तो थेट तिच्या प्रयोगशाळेत आला. "घे," तो म्हणाला, "होती-नव्हती ती अक्कल आता तुझ्या ताब्यात."

दाढ फोडून आतला मऊ गर काढायचा, त्यातल्या पेशी बशीत वाढवायच्या, उरलेल्या गोठवायच्या, हेच तिचं काम. त्याच्याही पेशी तिने कुप्यांत भरून गोठवणाच्या टाकीत ठेवल्या. त्याच हिवाळ्यात तो अपघातात गेला.

पुढे बरेच महिने तिने त्या कुप्यांना हात लावला नाही. मग बाकीचे नमुने संपले, प्रयोग अडला, आणि तिने मन घट्ट करून त्या वितळवल्या. पेशी जाग्या झाल्या. बशीच्या तळाला चिकटल्या, लांबट झाल्या, भराभर वाढल्या. ज्याला निरोप देऊन झाला होता, त्याचा एक कण उबेच्या कपाटात जेवत होता. तिला कॉरिडॉरमध्ये पाठीमागून त्याचं खाकरणं ऐकू येऊ लागलं. वळून पाहावं तर कोणी नसे.

प्रयोग सुजेचा होता. कीड आत शिरली की गराला सूज येते. ती थोडी असली, लवकर ओसरली, तर पेशी आतून नवा थर बांधायला घेतात; सुजेने मुक्काम ठोकला की त्याच पेशी हात टेकतात. थोडी म्हणजे किती, ते तिला शोधायचं होतं. त्यासाठी सूज आणणारं द्रव्य पेशींवर सोडायचं होतं.

दोन दिवस तिने जेवण टाळलेलं पाहून सासूबाईंनी खोदून विचारलं. तिने सांगून टाकलं. सुट्टीच्या दिवशी त्या तिच्याबरोबर आल्या, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून उभ्या राहिल्या.

"दुखतं का गं त्याला?"

"नाही, आई. दुखायला मेंदू लागतो. या नुसत्या पेशी आहेत."

"लहानपणी दात दुखला की माझा पदर तोंडात धरून बसायचा." त्या बाजूला झाल्या. "कर तुझं काम. पण बेतानं कर."

तिने केलं. काही आठवड्यांनी रंग टाकून पाहिला. ज्या बशांना थोडा वेळ सूज दिली होती, त्यांत लाल दाणे दाट उमटले होते. पेशींनी दाताचं बांधकाम सुरू केलं होतं. जिथे सूज सतत ठेवली होती, तिथे जवळजवळ काहीच नव्हतं. या बशा बघताना तिला भरून आलं. त्या तिने सासूबाईंना दाखवल्या नाहीत.

नंतर पेशी म्हाताऱ्या झाल्या, वाढेनाशा झाल्या. टाकीतही काही उरलं नव्हतं. शेवटच्या बशीत तिने स्वतःच्या हाताने ब्लीच ओतलं.

"संपलं?" घरी सासूबाईंनी विचारलं.

"संपलं."

तरी पेशींना खाणं घालायच्या जुन्या सवयीने एक दिवसाआड ती अजून ते उबेचं कपाट उघडते. आत ऊब असते, फळी रिकामी असते. ती दार लावते आणि जरा वेळ तिथेच उभी राहते.