ट्रीट आणि क्युअर

बोईसरला स्टेशनपासून आत, चाळीसारख्या बैठ्या घरांच्या एका ओळीत मंगलाची दोन खोल्यांची जागा आहे. कारखान्यांत काम करणाऱ्या परगावच्या माणसांना ती डबे देते. सकाळी कणीक, मग भाजी, मग भांड्यांचा ढीग, आणि पाठ टेकते न टेकते तोच संध्याकाळची कणीक. "भाभी, रोटी जरा नरम रखना," असं कुणी म्हटलं की ती नुसती मान हलवते. उत्तर द्यायचंही तिच्या जिवावर येतं.

ललित, तिचा नवरा, रंगाच्या कारखान्यात कामाला होता तेव्हा डबे नव्हते. मग त्याला कोरडा खोकला लागला. बादली उचलली तरी धाप लागायची. पालघरच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि सांगितलं, फुप्फुसं आतून कडक होत चालली आहेत. मंगलाचा चेहरा बघून ते तरुण डॉक्टर घाईने म्हणाले, "घाबरू नका. हे ट्रीट करता येतं."

मंगला चिंचणीची, दहावी झालेली. ट्रीटमेंट घेतली की माणूस बरा होतो, एवढं इंग्रजी तिला पुरेसं होतं. दवाखान्याच्या पायरीवरूनच तिने नणंदेला फोन लावला. "ट्रीट होतं बोलले डॉक्टर. बरे होतील हे." ललित कठड्याला धरून उभा होता.

त्यानंतर मंगलाने कंबर कसली. डॉक्टरांच्या गोळ्या चालूच होत्या, पण गुण लवकर यायला हवा होता. कुणी मनोरच्या बाजूला मुळ्या देणारा सांगितला, ती ललितला घेऊन तिथे गेली. कुणी वसईचा काढा सांगितला, तोही झाला. विवळवेढ्याच्या महालक्ष्मीला नवस बोलून झाला. आठवड्याची एकुलती एक सुट्टी एसटीत जायची. ललित मुकाट्याने बरोबर यायचा, चढ आला की दगडावर बसायचा, "जरा थांब," एवढंच म्हणायचा. परत आल्यावर ती उभ्या उभ्या स्वयंपाकाला लागायची. गोळ्या मात्र कमी होत नव्हत्या. उलट एक वाढली. ती स्वतःची समजूत घालायची की ट्रीटमेंट लांबली आहे, संपेल.

त्यांची मुलगी मेघाली नर्सिंग करून सरकारी भरतीच्या परीक्षेला बसणार होती. पेपरात इंग्रजी असतं. सारख्या वाटणाऱ्या शब्दांतला फरक विचारतात. एका संध्याकाळी ललित दाराबाहेरच्या ओट्यावर हवेला बसला होता आणि मेघाली स्वयंपाकघरात आईशेजारी बसून मोठ्याने पाठ करत होती.

"वूंड आणि इंजुरी. वूंड म्हणजे जखम, कातडी फाटते. इंजुरी म्हणजे कुठलीही इजा, मुका मारसुद्धा."

"हां," मंगला पोळी लाटत म्हणाली. तिचं अर्धं लक्ष तव्याकडे होतं.

"क्युअर आणि ट्रीट. क्युअर म्हणजे आजार मुळातून जातो. ट्रीट म्हणजे नुसते उपचार करणं. त्रास कमी होतो, आजार जाईलच असं नाय."

मंगलाचं लाटणं थांबलं. "परत बोल."

मेघालीने वाचलं, आणि वाचता वाचताच आईकडे पाहिलं. मग पुस्तक मिटलं.

"म्हणजे ट्रीट होतं बोलले, ते बरं होतं असं नाय?"

"आई, मला वाटलं तुला म्हाईत हाय."

तव्यावरची पोळी करपली. मंगलाने ती काढली, दुसरी टाकली. डबे तर जायलाच हवे होते. तिने सगळ्या पोळ्या केल्या, डबे भरले, न्यायला आलेल्या माणसाच्या हातात पिशव्या दिल्या. मग पदराला हात पुसत ओट्यावर गेली आणि ललितच्या बाजूला बसली. कसं सांगावं, याची जुळवाजुळव करायलाही तिच्यात ताकद उरली नव्हती.

"अवो, तुमचं बरं होनारं दुखनं नाय."

हल्ली प्रत्येक वाक्याआधी ललितला श्वास गोळा करावा लागायचा. "म्हाईत हाय मला."

"कवापासून?"

"पहिल्या दिवसापासून. तू बाहेर पैसे भरायला गेलीस तवा मी विचारलं डॉक्टरांना. त्यांनी सरळ सांगितलं."

"मग मला का नाय बोललात?"

"तू फोनवर सांगत होतीस सगळ्यांना. किती खूश होतीस. मग जीभ रेटली नाय."

"आनि त्या मुळ्या? तो काढा? चढावर दम लागायचा तुमाला, तरी येत होता?"

"तुला बरं वाटायचं."

मंगलाला रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही. राग आला, तोही फार वेळ टिकला नाही. एवढे रविवार दोघांनी एकमेकांसाठी एसटीत घालवले होते. तो तिच्यासाठी चढत होता, ती त्याच्यासाठी ओढत होती, आणि दोघंही दमून गेली होती. तिने भिंतीला डोकं टेकलं.

"येत्या रविवारी नाशिकला जायाचं ठरलंय," मंगला म्हणाली. "तो नाडी बघनारा."

"जाऊ या, तुला जायाचं असेल तर."

"नको."

त्या रविवारी ते कुठेच गेले नाहीत. जेवण झाल्यावर मंगला आडवी झाली ती थेट दिवेलागणीला उठली. ललितने मधे एकदा उठून दार लोटलं होतं आणि पंखा तिच्या बाजूला वळवला होता. दुखणं होतं तिथेच होतं. पालघरच्या गोळ्या वेळेवर चालू आहेत, दर खेपेला डॉक्टर तपासतात, आणि आता मंगला त्यांना कधी संपणार म्हणून विचारत नाही. ललितला रात्री नीट झोप लागेल असं काही देता येईल का, ते विचारते.